चौदाव्या रांगेपर्यंत

उद्यमबागेतून निघालो तेव्हा अजून अंधार होता.
मांडीवर पंपाची बॉडी, साडेतीन किलो,
गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेली.
पाचशे नगांतली ही एक, बंगळूरहून परत आलेली:
आत भोकं आहेत म्हणाले. बारीक. हवेची.
मालक म्हणाले, विमानानं जा की भरमाण्णा,
दहाला मीटिंग आहे,
तिकिटात कॉफी पण धरलीय.
येताना मात्र बसनं ये.

सांबऱ्याला तपासणीच्या पडद्यावर
ती नुसता काळा ठोकळा दिसली.
शिपायानं कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं,
मग त्याचा साहेब आला, त्याला हिंदीत,
शेवटी सुतळीच सोडली.
भोकं त्या मशीनलाही दिसली नव्हती.
मला जरा बरं वाटलं.

सीट सतरा डी.
विमान आमच्या खानापूरच्या वडापहून थोडंसंच रुंद.
सांबऱ्याची शेतं तिरकी झाली, सरळ झाली,
मग ढग.

पोरी दोन, ट्रॉली एक,
सत्तर माणसं आणि सत्तर मिनिटं.
हिशेब मला येतो:
चढायला पंधरा जातात, उतरायला वीस,
उरलेल्यात माणशी अर्धं मिनिट.
पुडी फोडायची, पाणी ओतायचं, लाकडी काडीनं ढवळायचं,
'साखर त्यातच आहे सर',
टिशू, हसणं, पुढची रांग.
आम्ही साच्याला याहून जास्त वेळ देतो,
तरी भोकं राहतात.

ट्रॉली नवव्या रांगेत असताना वास माझ्यापर्यंत आला.
बाराव्यात मी पुढचं टेबल उघडून ठेवलं.
चौदाव्यात पट्ट्यांचा दिवा लागला,
विमान खड्ड्यात गेल्यासारखं बसलं,
कॅप्टन इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला
आणि हिंदीत एवढंच, की गरम पेयं बंद.
ट्रॉली उलटी गेली.
सोळाव्यातल्या बाईनं पुढं केलेला हात
हळूच मागं घेतला,
जणू बांगड्याच नीट करायच्या होत्या.
मी टेबल मिटलं.
फुकटची नव्हती, पण आभाळात
मागायला लाज वाटते.

उतरताना दारात तीच पोरगी.
छातीवरची पट्टी इतकी बारीक की नाव वाचता आलं नाही.
'काका, राहिली की ओ तुमची,'
असं म्हणून एक पुडी हातात दिली.
ते 'की ओ' ऐकून मी पायरीवरच थांबलो.
'कुठली गं तू?'
'किणयेची,'
आणि लगेच माझ्या मागच्या माणसाकडं बघून
ती इंग्रजीत हसली.

कारखान्यात त्यांनी बॉडी करवतीवर धरली,
मधोमध कापली.
होती भोकं. मुगाएवढी. सात.
माझ्याच बोटानं मोजली आणि कागदावर सही केली.
मग फिल्टर कॉफी आली, स्टीलच्या पेल्यात, वर फेस.
चांगलीच असणार.
चव काही आठवत नाही.

रात्रीची बस. पिशवीत अर्धी बॉडी,
अर्धी त्यांनी ठेवून घेतली, पुरावा म्हणून.
पहाटे हिरेबागेवाडीच्या टोलपाशी गाडी थांबली.
टपरीवाल्याला म्हटलं, कपात नुसतं गरम पाणी दे.
'बरी बिसिनीर?'
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
की मी आजारीच असणार.
बरी बिसिनीर, म्हटलं. दोन रुपये घेतले त्यानं.

खिशातली पुडी दातानं फोडली.
काडी नव्हती,
सही केली त्याच पेनाच्या मागल्या टोकानं ढवळलं.
गोड. पातळ. थोडीशी कागदाची चव.
वर फेस धरला,
आणि फेसात भोकं, बारीक, हवेची.
कप टपरीच्या बल्बखाली धरला,
सवयीनं मोजायला लागलो.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा
अकरापर्यंत आलो होतो.